शिव्यांचा मानकरी

आमच्या गावच्या नाटकात नायकाला हार घालतात, नायिकेला साडी देतात आणि खलनायकाला शिव्या देतात. ही थट्टा नाही, रीत आहे. चैत्रात गावदेवीची पालखी निघते, तिच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या पटांगणात नाटक होतं आणि पुढच्या दोन रांगा बायकांच्या असतात. खलनायक पहिल्यांदा स्टेजवर आला की त्या दोन रांगांत कडाकडा बोटं मोडली जातात. ‘मेल्या, तुझं तळपट होवो’ ही सुरुवात. पुढचं मी इथे लिहीत नाही, कारण हे वाचणाऱ्यांत माझ्या सुनेच्या माहेरची माणसंही असतील. शिव्या जितक्या जास्त तितका नट मोठा, असं गाव मानतं. त्या हिशोबाने मी फार मोठा नट होतो. लग्न झालं त्या वर्षापासून गावचा खलनायक मीच.

एरवी मी अलिबागला एका शाळेच्या ऑफिसात कारकून होतो. आता निवृत्त आहे आणि नारळ-सुपारीची थोडी वाडी बघतो. शाळेत मला कोणी घाबरल्याचं स्मरत नाही. शिपाई रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवायचा तेव्हा रजा संपवून परत आलेला असायचा. घरी मुलगा लहान असताना मी डोळे वटारले तर तो विचारायचा, ‘बाबा, डोळ्यांत काही गेलं का?’ असं तीनशे चौसष्ट दिवस चालायचं. उरलेल्या एका संध्याकाळी मात्र पुढच्या दोन रांगा मला बघून पेटून उठायच्या, आणि ती एक संध्याकाळ मला वर्षभर पुरायची. दुसऱ्या दिवशी मी बाजारात जरा छाती काढून चालायचो. तिसऱ्या दिवशी कोळीण मला शिळे बोंबील द्यायची आणि मी मुकाट्याने घ्यायचो.

माझं खास म्हणजे माझं हसणं. ते पोटातून निघतं, घशाशी जरा अडतं आणि मग सुटतं. फाल्गुन लागला की मी वाडीत त्याची तालीम करतो. एकदा नारळ पाडायला आलेला माणूस माडाच्या अर्ध्यावरून खाली उतरला आणि म्हणाला, “काका, पोटात दुखतंय का? काकूंना बोलवू?” त्याला कलेतलं काय कळणार, म्हणून मी सोडून दिलं. स्टेजवर हसून झालं की मी उजवा हात छातीवर ठेवून थांबतो. मग शिव्या सुरू होतात. त्या ओसरेपर्यंत मी मनातल्या मनात पुढचं वाक्य शोधून ठेवतो. पाठांतरात मी पहिल्यापासून कच्चा आहे, पण हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण प्रेक्षकांचं लक्ष बोटं मोडण्यात असायचं.

यंदा मंडळ तरुणांच्या हातात गेलं. नवा दिग्दर्शक कॉलेजात शिकवतो, दाढी राखतो आणि मला मान देऊन बोलतो. माणूस मान देऊन बोलायला लागला की आपलं काहीतरी काढून घेणार हे मला शाळेच्या ऑफिसात शिकायला मिळालं होतं.

“काका, यंदा खलनायक एक नाही, पाच आहेत,” तो म्हणाला. “पाचही जण एकत्र येतात आणि गाव वाचवतात. तुम्ही त्यांचे म्होरके.”

“गाव वाचवतात? मग खलनायक कसले?”

“तीच तर गंमत आहे. अलिबागला तसाच एक इंग्रजी पिक्चर लागलाय, हिंदीत केलेला. कॉमिक्समधले सगळे दुष्ट एका टोळीत. तुम्ही एकदा बघून या, म्हणजे अंदाज येईल.”

मला अंदाज देणारा हा कोण, असं वाटलं. पण म्होरकेपण हातचं जायला नको म्हणून मी हो म्हटलं. घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती आमच्या गल्लीतल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. गटाची सहल बरेच दिवस रखडली होती. दोन दिवसांत तिने दोन मिनीडोर ठरवल्या आणि रविवारी दुपारी माझ्या अभ्यासाला माझ्याबरोबर नाटकातल्या पुढच्या दोन रांगा निघाल्या. मिनीडोर म्हणजे आमच्याकडची मोठी रिक्षा, सहा माणसांची असते असं म्हणतात. आम्ही एकेकीत नऊ होतो.

थिएटरच्या दारात रखवालदाराने खाण्याचे डबे काढून घेतले. शेजारच्या काकीने पोपटीतल्या, म्हणजे मडक्यात भाजलेल्या, वालाच्या शेंगा कमरेच्या पिशवीत लपवल्या होत्या, त्या तेवढ्या वाचल्या. काकी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, शिव्यांत सगळ्यांत पुढे. तिची बोटं मोडण्याचा आवाज स्टेजवर माझ्यापर्यंत पोचतो. मी तिला मुद्दाम माझ्याजवळ बसवलं. आज खरा खलनायक बघितल्यावर ही बाई काय बोलते ते ऐकायची मला उत्सुकता होती. तिच्या पलीकडे माझी बायको होती. पुढे मुंबईहून समुद्रावर आलेली चड्डीतली मंडळी आणि मागे सगळी कॉलेजची मुलं.

दिवे गेले. पहिला दुष्ट आला. ही एक उंच बाई होती, ती ज्याला हात लावील त्याचं मीठ व्हायचं. मागची मुलं शिट्ट्या मारायला लागली. मला वाटलं, शिव्या देताहेत. तेवढ्यात टाळ्या पडल्या. दुसरा आला, भिंतीतून आरपार जाणारा चोर, त्यालाही टाळ्या. त्यानंतर दोघे आले, त्यांचं नेमकं काम काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण टाळ्या त्यांनाही. पाहुणे आले आणि सरपंच स्वागत करतोय असा सगळा प्रकार. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अहो, माणसाने दुष्टपणा करायला आयुष्य वेचायचं आणि लोकांनी त्याला टाळ्या देऊन वाटेला लावायचं?

काकी वाल सोलत बघत होती. मिठाची बाई एका शिपायाला हात लावून पुढे गेली तेव्हा ती म्हणाली, “बरा हाय. मिठागराचा खर्च वाचला.” मग तिने माझ्या बायकोला विचारलं, “ह्यातला वाईट कोन गं?”

“सगळेच,” बायको म्हणाली.

“मंग चांगला कोन?”

“तेच.”

“आपल्या पंचायतीसारखा हाय म्हन की.”

शेवटी त्यांचा म्होरका आला. म्हणजे मी. हा एक म्हातारा होता, वाकलेला, फाटका कोट घातलेला. त्याच्या कोटाच्या अस्तरात गांधीलमाश्यांची पोळी होती. त्याने बोट उचललं की त्या निघायच्या. मी सरसावून बसलो आणि आता हसेल, आता हसेल म्हणून वाट बघितली. तो हसला आणि मला वाईट वाटलं. नुसताच ओठांतून सुटलेला वारा, पोटातून काही नाही. “दम नाही,” मी जरा मोठ्यानेच म्हटलं. पुढच्या चड्डीवाल्याने वळून बघितलं. गांधीलमाश्यांचाही मला धाक वाटला नाही. आमच्या वाडीत त्या दरवर्षी पोळं करतात आणि आम्ही जुन्या काथ्याचा धूर करून त्यांना घालवतो. पण या शहरात कोणाला काथ्या माहीत नसावा. सगळे नुसते पळत होते.

पुढे असं झालं की शहराचा जो नायक होता तो पैशाला विकला गेला, एक मंत्री धरण फोडायला निघाला, आणि सरकारने तुरुंगातून या पाच जणांना सोडलं. म्हाताऱ्याने मंत्र्याच्या गाडीत गांधीलमाश्या सोडल्या. मंत्री गाडीतच आडवा झाला. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. आता मात्र मला राहवेना. एक माणूस मेला होता, मंत्री का असेना. खलनायकाचा मान त्याला मिळायलाच हवा होता आणि तो कसा देतात हे या लोकांना कोणीतरी दाखवून द्यायला हवं होतं. मी उभा राहिलो, पडद्याकडे बोट केलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं, “मेल्या, तुझं तळपट होवो.”

मग मागून कोणीतरी म्हणालं, “काका, तो आपला आहे.” पुढची एक बाई वळून अगदी गोड आवाजात म्हणाली, “अंकल, बैठिए ना, प्लीज.” मी आशेने आमच्या रांगेकडे बघितलं. बायको सोडून सोळा बायका. दरवर्षी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या. त्यांतली एकही माझ्या मदतीला आली नाही. विचित्र म्हणजे त्या पडद्याकडेही बघत नव्हत्या आणि माझ्याकडेही बघत नव्हत्या. सगळ्या जणी माझ्या बायकोकडे बघत होत्या. बायको दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होती. मी बसलो. शहरी लोकांपुढे बुजल्या बिचाऱ्या, असं मी स्वतःला समजावलं.

मध्यंतरात मी बायकांसाठी चहा आणायला गेलो. कागदी पेले ट्रेमध्ये घेऊन परत आलो तेव्हा त्या जिन्याजवळ घोळका करून उभ्या होत्या आणि काकीची पाठ माझ्याकडे होती.

“तू पदर सावरला न्हाय, म्हनून आमी गप,” ती माझ्या बायकोला सांगत होती. “ह्यांनी एकट्यांनीच शिवी दिली, मला मेलीला कसातरीच झाला. आदी सांगायचास ना, ह्या पिक्चरातल्या म्हाताऱ्यावर बोटा मोडायची का न्हाय ते.”

बायकोने मला बघितलं आणि डोळ्यांनी तिला खूण केली. काकी वळली, ट्रेमधला एक पेला उचलला आणि म्हणाली, “च्या बरा हाय.” तिने अजून तोंडही लावलं नव्हतं.

मी अगदीच बावळट नाही. थोडा वेळ लागतो, पण कळतं. मध्यंतरानंतरचा पिक्चर मी बघितलाच नाही. मी माझ्या बायकोचा पदर बघत होतो. दरवर्षी मी स्टेजवर यायचो तेव्हा ती पहिल्या रांगेत मधोमध बसलेली असायची आणि मी हसलो की खांद्यावरचा पदर सावरायची. मला वाटायचं, तिला संकोच होतो. नवऱ्याला चारचौघांत शिव्या बसणार म्हणून बिचारी अंग चोरून घेते. ही समजूत मी इतकी वर्षं मोठ्या मायेने जपली होती. पडद्यावर शेवटी त्या म्हाताऱ्याने स्वतःला धरणाच्या भगदाडात घालून शहर वाचवलं. सगळं थिएटर रडलं. काकी वालाचं टरफल हातात धरून रडली. माझी बायकोही पदराने डोळे पुसत होती. पाच पैशाचं हसता न येणाऱ्या माणसासाठी.

मिनीडोरमध्ये बोलायची सोय नव्हती. घरी आल्यावर तिने संध्याकाळचा दिवा लावला, आणि ती पडवीत सुपारी निवडायला बसली. मी समोर बसलो.

“पदर सावरायची भानगड काय आहे?” मी विचारलं.

तिने एक किडकी सुपारी बाजूला टाकली. मग म्हणाली, “सांगते. पण रागवायचं नाही.”

लग्नानंतरच्या पहिल्या नाटकाची गोष्ट तिने सांगितली. नवी नवरी म्हणून तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी स्टेजवर आलो, हसलो आणि सगळं पटांगण माझ्याबरोबर हसलं. मागची एक बाई म्हणाली, किती गोड हसतो गं हा. मी घरी येऊन जेवलो नाही. मला ते आठवत होतं, फक्त माझ्या आठवणीत त्या दिवशी मला ताप होता. दुसऱ्या वर्षी तिने विहिरीवर चार बायकांना गाठलं. ‘मी पदर सावरला की तुम्ही सुरू व्हा,’ असं त्यांना म्हणाली. त्या वर्षी मी दोन वाट्या आमरस जास्त घेतला. मग ते चालूच राहिलं. चाराच्या दहा झाल्या, दहाच्या दोन रांगा झाल्या. लग्न होऊन येणाऱ्या सुनांना सासवाच सांगायच्या.

“म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक आहे?”

“पुरुषांना नसेल,” ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, “असेल.”

“आणि त्या नुसत्या माझ्या समाधानासाठी शिव्या देतात?”

“तुमच्यासाठी कशाला? त्यांना हवंच असतं. घरी कोणाला देतील? वर्षातून एकदा तोंड मोकळं करायला मिळतं. काकी तर पौषापासून विचारते, यंदा नाटक आहे ना म्हणून.”

मला राग यायला हवा होता. तो आला नाही, नुसतं पोकळ वाटलं. इतक्या वर्षांत एक जण तरी मला बघून खरोखर घाबरलं होतं का, एवढंच मला हवं होतं. एक जरी असतं तरी मी बाकीचं सोडून दिलं असतं. अचानक दुसरंच काहीतरी डोक्यात आलं. त्या सगळ्या आवाजांत तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“तू कधी दिलीस का गं शिवी?”

“मी?” तिने सुपारीतून मान वर केली. “मी कशी देईन? तुझा मुडदा बसवला, असं माझ्या तोंडून येईल का? नाटक आहे म्हणून काय झालं.”

त्यावर मी एक अट घातली. यंदा पदराला हात लावायचा नाही. बायकांना काही सांगायचं नाही, सांगायचंच असेल तर गप्प बसायला सांगायचं. मला काय यायचं ते येऊ दे. ती म्हणाली, “बघा हं.” मी म्हटलं, “बघितलं.” त्यानंतर महिनाभर मी वाडीत असा काही हसलो की नारळ पाडणाऱ्याने यायचंच सोडलं. तो घाबरला असेल अशी मला थोडी आशा होती. मग कळलं, त्याला रेवसला जेटीवर काम मिळालं होतं.

आता दहाला भोंगा बंद करावा लागतो, म्हणून नाटक सातलाच उभं राहतं. संध्याकाळी निघताना बायकोने रक्तदाबाची गोळी हातावर ठेवली, मी ती घेतली. माझ्या चेहऱ्यावर एक व्रण रंगवला होता आणि डोक्यावर केसांचा टोप होता. मागे बाकीचे चार दुष्ट. पडदा गेला, मी पुढे आलो, बल्बांच्या उजेडात उभा राहिलो आणि हसलो. खरं सांगतो, इतका चांगला मी कधी हसलो नव्हतो. मग सवयीने हात छातीवर ठेवला आणि थांबलो.

काही आलं नाही.

पुढच्या दोन रांगा मूग गिळून बसल्या होत्या. काकीने दोन्ही हात मांडीखाली घातले होते, न जाणो आपोआप वाजतील म्हणून. बायकोने पदर कमरेला घट्ट खोचला होता आणि ती खाली बघत होती. मागे कोणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि थांबलं. मी पुढचं वाक्य आठवायला लागलो आणि लक्षात आलं की ते नाही. ते नेहमी शिव्यांच्या गलक्यात सापडायचं. या शांततेत मी कुठे शोधणार? विंगेतून दिग्दर्शक ओठ हलवत होता, मला काही ऐकू येत नव्हतं. टोपाखालून घाम डोळ्यांत उतरत होता. हे उत्तर, मी मनात म्हटलं. मिळालं तुला तुझं उत्तर. छातीवरचा हात खाली घ्यावा हेही मला सुचलं नाही.

“अहो,” बायकोचा आवाज आला.

मी बघितलं तर ती उभी होती. “अहो, काय होतंय तुम्हाला?” ती आता मोठ्याने म्हणाली. पिंपांवर फळ्या टाकून केलेलं आमचं स्टेज, पुढून चढायला पायरी नाही. काकीने खुर्ची धरली, त्या खुर्चीवर पाय देऊन ती वर आली. साठीला टेकलेली बाई, सगळ्या गावासमोर. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि हात होता तिथे छाती चाचपली. “दुखतंय का? खाली बसा. पाणी आणा कुणीतरी.”

“अगं, वाक्य आठवत नाहीये,” मी हळूच म्हटलं.

हळूच म्हटलं, पण माईक डोक्यावरच लोंबत होता. ते सगळ्या पटांगणाने ऐकलं आणि मग पटांगण हसलं, अगदी मागच्या झाडावर चढलेल्या पोरांपर्यंत. ती हसली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी तिला खांद्याला धरून विंगेत नेलं. दिग्दर्शक माझ्या कानाशी वाक्य सांगत होता, त्याला मी थांब म्हटलं.

“एवढी काय घाबरलीस?”

“तुम्ही असे कधी गप्प उभे राहत नाही,” ती म्हणाली.

कोणीतरी मला बघून घाबरावं म्हणून मी सगळं आयुष्य घसा फोडून हसलो. शेवटी एक माणूस घाबरलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर बघताना मला वाटलं, हे मला कधीच नको होतं. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. निम्मं पाणी तिच्या पदरावर सांडलं, म्हणून पेला मलाच धरावा लागला. बाहेर माझ्यावाचून चौघा दुष्टांनी गाव वाचवायला घेतलं होतं.